बैरुतच्या पुस्तकात न आलेलं युद्ध

आज लेबनॉनला जाऊया. तिथे १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षं यादवी युद्ध चाललं. अंदाजे दीड लाख माणसं गेली. आणि शाळेच्या इतिहासात ते जवळपास नाहीच. तिथला इतिहास फ्रेंच निघून जातात तिथे, म्हणजे चाळीसच्या दशकात, थांबतो. मग कॉलेजात आलेल्या पोरांना हे युद्ध शिकवायचं कसं?

१९८९ च्या ताइफ करारात स्पष्ट लिहिलं होतं, की देशभर इतिहासाचं एकच पुस्तक असेल. ते अजून आलेलं नाही. २००१ मध्ये तिसरीच्या पुस्तकात परकीय सत्तांच्या रांगेत अरबांनाही बसवलं म्हणून वाद पेटला आणि मंत्र्यांनी पुस्तकच थांबवलं. तिसरीचं पुस्तक, बरं का! मग १९७५ ची काय कथा?

त्यामुळे मुलं युद्ध शिकतात ते घरी. आता १३ एप्रिल १९७५ हा दिवस घ्या. बैरुतच्या ऐन एल-रुम्माने या ख्रिस्ती वस्तीत सकाळी चर्चबाहेर गोळीबार झाला, फालांज पक्षाची माणसं मेली. काही वेळाने तिथूनच जाणाऱ्या एका बसवर हल्ला झाला. आतले वीसहून जास्त जण ठार, बहुतेक पॅलेस्टिनी. एका घरात गोष्ट चर्चपासून सुरू होते, दुसऱ्या घरात बसपासून. दोन्ही खरंच घडलंय. वर्गात ‘चूक कुणाची?’ विचारलंत तर तास तिथेच संपला. मला वाटतं, विचारायचं ते एवढंच: तुझ्या घरी गोष्ट कुठून सुरू होते, आणि त्याच्या आधीचं कुणी सांगितलं का?

गंमत म्हणजे बरेच जण आजही ‘युद्ध’ म्हणतच नाहीत. ‘अल-अहदास’ म्हणतात, म्हणजे ‘त्या घटना’. घटना काय, आपोआप घडतात. युद्ध कुणीतरी करावं लागतं.

ज्यांनी केलं त्यांना १९९१ च्या कायद्याने माफी मिळाली. अपवाद होता, पण तो राजकीय आणि धार्मिक नेत्यांच्या हत्यांचा. साध्या माणसाला मारलेलं माफ! सशस्त्र टोळ्यांचे काही म्होरके पुढे मंत्री झाले. बेपत्ता माणसांचा सरकारी आकडा मात्र १७,०००, आणि त्यांचा शोध घेण्याचा कायदा व्हायला २०१८ उजाडलं.

म्हणून ‘घरच्या मोठ्यांना विचारून या’ हा गृहपाठ तिथे साधा नाही. एका बाकावर बसलेल्या दोघींपैकी एकीचा मामा अजून बेपत्ता असतो. दुसरीचे वडील त्या काळात नाक्यावर बंदूक घेऊन उभे असायचे, आणि ते तिला हा गृहपाठ करतानाच कळतं.