धोत्र्यापासून व्हेंटिलेटरच्या नळीपर्यंत

अहेरीला नोकरीवर होतो तेव्हा शाळेच्या कुंपणापलीकडे धोत्र्याची झुडपं माजलेली असायची. महाशिवरात्रीला मुलं त्याची काटेरी फळं शंकराला वाहायला न्यायची. एरवी मी ओरडायचो, हात लावू नका, विष आहे. त्याच झाडाच्या कुळातलं औषध एक दिवस माझ्या अब्बांच्या छातीत उतरेल, असं कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो.

अब्बा बल्लारपूर भागातल्या कोळसा खाणीत होते, वर विडीही होती. (विडी हे एकच कारण नाही. जन्मात विडी न ओढलेल्या बायकांनाही चुलीच्या धुरामुळे हा आजार होतो, गडचिरोलीच्या खेड्यांत तो धूर रोजचाच.) सीओपीडीचं निदान झालं, पंप मिळाला, आणि अब्बांनी तो कपाटात कपड्यांमागे ठेवून दिला. 'एकदा पंप लागला की सुटत नाही,' असं मोहल्ल्यात सगळेच सांगायचे. दमा हा शब्द फारसी 'दम'वरून आलेला, मराठीत आणि उर्दूत एकच. गैरसमजही दोन्हींकडे एकच.

२०१८ च्या हिवाळ्यात त्यांना नागपूरला नेऊन व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी मला पडद्यावरची रेघ दाखवली. या आजारात श्वास घेण्यापेक्षा सोडणं जास्त कठीण असतं. श्वासनळ्या आवळलेल्या असतात, जुनी हवा पुरती बाहेर पडायच्या आत यंत्र नवी ढकलतं, आणि छातीत हवा साठत जाते. श्वास सोडतानाची रेघ शून्यापर्यंत पोहोचतच नव्हती. सिस्टरने नळीला जोडलेल्या छोट्या कक्षात पंप दाबला. थोड्या वेळाने रेघ शून्याजवळ सरकली. मी आयतुल कुर्सी पढत होतो, नजर मात्र त्या रेघेवरच होती.

त्या पंपात दोन औषधं होती. एक साल्ब्युटामॉल, १९६९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आलेलं. दुसरं इप्राट्रोपियम, आणि त्याची वंशावळ थेट धोत्र्यापर्यंत जाते. मद्रासकडे दम्यासाठी धोत्र्याची मुळं चिलमीत ओढत. १८०२ मध्ये जनरल जेंट या इंग्रज अधिकाऱ्याने ही पद्धत ब्रिटनला नेली. पुढे तिकडे धोत्र्याच्या सिगारेटी औषधाच्या दुकानात मिळू लागल्या, विसाव्या शतकातही त्या चालल्या. श्वासनळ्या सैल करणारं त्यातलं द्रव्य म्हणजे अ‍ॅट्रोपिन, ते १८३० च्या दशकात वेगळं काढलं गेलं. पण मात्रा हुकली की माणूस भ्रमिष्ट व्हायचा, म्हणून धोत्रा विषच. जर्मनीच्या बोरिंगर इंगेलहाइम कंपनीने अ‍ॅट्रोपिनच्या रेणूत असा फेर केला की तो रक्तात फारसा शोषला जात नाही आणि मेंदूत शिरत नाही. तेच इप्राट्रोपियम, १९७० च्या दशकात बाजारात आलं.

आपल्याकडे हे पंप स्वस्त झाले त्यामागे आणखी एक नाव आहे, ते आमच्या मुलांना क्वचितच माहीत असतं. अलीगढचे ख्वाजा अब्दुल हमीद बर्लिनला रसायनशास्त्र शिकले आणि १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत सिप्ला काढली. १९३९ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. फाळणीला त्यांचा विरोध होता, ते इथेच राहिले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी काढून टाकली, आणि त्याच दशकात सिप्ला असे पंप इथे बनवू लागली.

तरीही नळीतून औषध पोहोचवणं सोपं नव्हतं. १९८० च्या दशकात मोजलं तेव्हा दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुप्फुसात जेमतेम काही टक्केच औषध जातं, बाकीचं नळीलाच चिकटतं. मग राजीव धांड आणि मार्टिन टोबिन यांच्यासारख्या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपासलं की कक्ष कुठे जोडायचा, पंप नेमका कधी दाबायचा. यंत्र श्वास ढकलायला लागतं त्याच क्षणी दाबायचा. आमची सिस्टर पडद्याकडे बघत थांबायची, ते यासाठी. मला वाटायचं, बाई वेळ काढतेय.

सहाव्या दिवशी अब्बांची नळी निघाली. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं, दुसऱ्यांदा विचारलं, 'तो पंप कपाटातच आहे ना?'