वर्गाबाहेर उभी राहिलेली मुले

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागणारे संपादक मंडळाचे पत्र झाशीला, ओरछा गेटजवळच्या आमच्या घरी पोहोचले, तेव्हा शेजारचा एक आठ वर्षांचा मुलगा माझ्यासमोर 'किताब' हा शब्द लिहिण्याच्या खटपटीत होता. वेलांटी 'क'च्या आधी काढायची की नंतर, या पेचात त्याची पेन्सिल थांबली होती. त्याला पाहताना मला आपल्या शाळेतील तिसरीचा वर्ग आठवला. तेथेही असाच एक वर्गबंधू होता. पाढे तोंडपाठ, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगणार, वाचायला उभा केला की मात्र गप्प. त्याचे निम्मे वर्ष व्हरांड्यात उभे राहण्यात गेले. आम्ही हसत होतो. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. गुरुजी दुष्ट नव्हते. 'याचे लक्ष नाही' यापलीकडचे निदान त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

ते का शिकवले गेले नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आपल्याकडे अशा मुलांच्या शिक्षणाचा प्रारंभ स्वतंत्र शाळांनी झाला. १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांनी मुंबईत माझगावला कर्णबधिरांची शाळा काढली. १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली आणि १९०० साली मुंबईत मिलार्डबाईंनी तेच कार्य आरंभिले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु जे व्यंग डोळ्यांना दिसते, त्याच्यापुरताच हा विचार होता. ज्यांना त्या काळी सरसकट 'मतिमंद' म्हणत, त्या मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा उभी राहिली ती १९४४ मध्ये. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली 'कामायनी' सुरू केली. नाशिकच्या रजनीताई लिमये स्वतः शिक्षिका आणि अशाच एका मुलाची आई. त्यांनी १९७७ साली 'प्रबोधिनी'चा पाया घातला. शिक्षणखात्याच्या आधी आईने दार ठोठावले, असे या इतिहासात वारंवार आढळते.

आपल्या शाळेचा जन्मही त्याच काळातला. १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात, अशा मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, असा विचार मांडला. १९७४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी एकात्मिक शिक्षणाची योजनाही आणली. कागदावर दार उघडले खरे. आमच्या तिसरीच्या वर्गापर्यंत ती वार्ता आली नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले, त्यांत वाचन-लेखनाची अडचण नव्हती. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' हे नाव त्या यादीत आले. आमच्या वर्गबंधूची अडचण बहुधा हीच होती. तिला केंद्रीय कायद्यात नाव मिळेपर्यंत आमची मुले पदवीधर झाली होती! महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत सवलती त्याआधीच मिळू लागल्या होत्या. पण तिसरीत हरवलेले मूल दहावीच्या सवलतीपर्यंत पोहोचणार कसे?

आपल्या लिपीचाही येथे विचार हवा. देवनागरी उच्चारानुसारी म्हणून आपण तिचा अभिमान बाळगतो, तरी ऱ्हस्व वेलांटी बोलताना व्यंजनानंतर येते आणि लिहिताना आधी. 'ट' आणि 'ठ', 'द' आणि 'ढ' यांत फरक एका वळणाचा. जोडाक्षरांची तर गोष्टच नको. गमतीचा भाग असा की १९५१ च्या भारती ब्रेलमध्ये स्वर नेहमी व्यंजनानंतरच येतो. म्हणजे अंध मुलाला जो पेच पडत नाही, तो डोळस मुलाला पडतो.

विवाहानंतर मी झाशीची झाले. नेवाळकरांच्या अमदानीपासून येथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. ओरछा गेटचे नाव निघाले की १८५८ चा वेढा आणि फितुरीची कथा निघतेच. या वस्तीतील मराठी मुलांची अडचण मात्र आणखी एका पदराची असते. घरी मराठी आणि शाळेत हिंदी असलेले मूल अडखळते, तेव्हा दोष भाषेच्या अपरिचयाचा की अध्ययनाचा? मूल घरच्या भाषेतही तसेच अडखळते का, हे पाहिल्याखेरीज शिक्का मारू नये, एवढे मी अनुभवाने शिकले. समोरच्या मुलाला मी वाळूत बोटाने अक्षरे गिरवायला देते, उत्तरे तोंडी घेते आणि वेळ मोजत नाही. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. आमच्या वर्गबंधूच्या वाट्याला व्हरांड्यात आली ती आपल्या मराठीतली.

स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी छापली जाणार आहे, असे पत्रात वाचले. अशा याद्यांत बहुधा शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचीच नावे असतात. त्याचे नाव चौथीच्या पटावर नक्की सापडेल. ते यादीत घ्यावे, एवढी संपादक मंडळास विनंती.