माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवून पैसे कमावता येतात का? नियम काय सांगतात?

मित्रांसोबत खेळायला म्हणून सर्व्हर सुरू होतो. आधी दहा जण असतात, बघता बघता शंभर होतात. घरचा कॉम्प्युटर मान टाकतो, मग दर महिन्याला होस्टिंगचं भाडं सुरू होतं. त्यात कुणीतरी मुद्दाम सर्व्हर पाडतं, म्हणून डीडॉस हल्ल्यापासून संरक्षणही विकत घ्यावं लागतं. (२०१६ मध्ये जगभर गाजलेलं 'मिराय' बॉटनेट बनवणाऱ्या तरुणांच्या निशाण्यावरही माइनक्राफ्टचे सर्व्हर होते!)

अशा वेळी ॲडमिनच्या मनात येतं, खेळणाऱ्यांकडूनच थोडे पैसे घेतले तर? घेता येतात. प्रश्न फक्त कशाचे घ्यायचे, हा आहे.

नियम आले कुठून?

माइनक्राफ्ट बनवणारी मोजँग ही स्वीडनमधली कंपनी. सर्व्हरचं सॉफ्टवेअर ती फुकट देते, पण ते वापरताना 'यूला' हा परवाना-करार मान्य करावा लागतो. आपण न वाचता 'मान्य आहे' म्हणतो, तोच. या करारात खेळातून कमाई करायला मुळात मनाई होती, फक्त कंपनी त्याकडे फारसं लक्ष देत नव्हती. त्यामुळे सर्व्हरवर दुकानं थाटली गेली. पैसे भरा आणि ताकदवान तलवार घ्या, चिलखत घ्या, उडण्याची शक्ती घ्या. मुलांनी केलेल्या खर्चाचे पैसे परत मागायला पालक मोजँगकडे जाऊ लागले आणि कंपनीला तर त्यातला एक पैसाही मिळाला नव्हता.

जून २०१४ मध्ये मोजँगने कशाचे पैसे घेता येतील हे जाहीर केलं आणि दुकानं सुधारायला १ ऑगस्ट २०१४ पर्यंतची मुदत दिली. सर्व्हर चालवणारे भडकले, आता आम्ही बंद पडणार म्हणाले. खरं तर आधी सरसकट बंदी होती, तिच्यात ही सूट होती. पण वर्षानुवर्षं कुणी अडवलं नाही की तोच हक्क वाटायला लागतो.

मग काय चालतं?

सर्व्हरवर यायला प्रवेश शुल्क लावता येतं, पण ते सगळ्यांना सारखंच हवं. जाहिरात किंवा प्रायोजकही चालतो. वस्तू विकायच्या तर दिखाऊ विकाव्यात: टोपी, पाळीव प्राणी, चालताना मागे उडणाऱ्या ठिणग्या. २०१४ च्या नियमांत केप मात्र त्यातून वगळली होती.

पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ होता येऊ नये, हा सगळ्याचा गाभा. एकच गोष्ट जागेनुसार बरोबर किंवा चूक ठरते. लॉबीत उडता आलं तर कुणाचं काही जात नाही. तेच लढाईत उडता आलं तर समोरच्या तेरा वर्षांच्या मुलाने कितीही सराव केला तरी तो हरणारच.

सगळ्यात जास्त गल्लत 'देणगी' या शब्दावरून होते. दुकानाच्या पाटीवर 'डोनेट' लिहिलं आणि बदल्यात तलवार दिली, तर ती विक्रीच. खरी देणगी घेता येते, देणाऱ्याचे आभारही मानता येतात, पण त्याला इतरांपेक्षा वेगळी वागणूक देता येत नाही. बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना मिळून द्यावं, म्हणजे महिन्याचा खर्च निघाला की सर्वांसाठी नवा मिनी-गेम. आमच्या मते छोट्या सर्व्हरसाठी हाच मार्ग सगळ्यात बरा, कारण यात ॲडमिनला खर्चाचा आकडा सगळ्यांसमोर मांडावा लागतो.

खेळातलं नाणं ठेवायला हरकत नाही. ते खऱ्या पैशांनी विकत मिळायला लागलं की अडचण येते. एनएफटीला तर कंपनीने जुलै २०२२ मध्ये साफ नकार दिला.

नाही पाळले तर?

सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोजँग अडीच अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा केली. २०१६ पासून नियम मोडणाऱ्या सर्व्हरची एक यादी ठेवली जाते. त्या यादीत नाव गेलं की गेम स्वतःच त्या सर्व्हरला जोडायला नकार देतो. जमवलेले खेळाडू एका दिवसात बाहेर!

सर्व्हर पुण्यातून चालवा की पॅरिसमधून, हा करार सगळ्यांना लागू आहे. आपल्याकडे आणखी एक बाब आहे. भारतीय करार कायद्यानुसार (१८७२) अल्पवयीन व्यक्तीला करार करता येत नाही, आणि हा खेळ खेळणाऱ्यांत शाळकरी मुलं भरपूर. आईच्या फोनवरून यूपीआयने आलेले पैसे घरून परत मागितले गेले, तर 'नो रिफंड' ही पाटी दाखवून वाद मिटेलच असं नाही. म्हणून विक्री करणाऱ्याने दुकानाच्या पानावर आपलं नाव, संपर्क आणि 'मोजँगचा या सर्व्हरशी संबंध नाही' हे ठळक लिहावं, आणि कुणी काय घेतलं याची नोंद ठेवावी. कंपनीची अपेक्षाही तीच आहे.