नाव, भूमिका आणि 'मी' : 'अ स्टार इज बॉर्न' आणि 'सांगत्ये ऐका'

प्रस्तावना

रंगभूमी वा रुपेरी पडद्यावरील यशाची आकांक्षा आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत हा हॉलिवूडच्या भावनाट्याचा आवडता विषय होय. 'अ स्टार इज बॉर्न' (१९३७, दिग्दर्शक विल्यम वेलमन, १९५४, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर) ही त्याची अभिजात उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात या कथेच्या प्रकाशात हंसा वाडकर यांच्या जीवनकथेचा 'नाव' या एकाच अंगाने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन

हॉलिवूडच्या कथेत एस्थर ब्लॉजेट स्वतःच्या स्वप्नापायी चित्रसृष्टीत येते. स्टुडिओ तिला 'व्हिकी लेस्टर' हे नाव देतो. नटपती नॉर्मन मेन याच्या मृत्यूनंतर ती रसिकांसमोर स्वतःची ओळख करून देते, ती मात्र पतीच्या नावाने. त्यागाचा हा क्षण प्रेक्षकांना हेलावून सोडतो. परंतु स्टुडिओ आणि पती यांनी दिलेल्या दोन नावांच्या मध्ये एस्थर कोठे राहिली, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही.

मराठी चित्रसृष्टीत नामांतराची ही प्रथा कोल्हापुरातच आढळते. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'सैरंध्री' (१९२०) या मूकपटात गुलाबबाई व अनसूयाबाई 'कमलादेवी' व 'सुशीलादेवी' या नावांनी झळकल्या. स्त्रीने चित्रपटात काम करणे तेव्हा अप्रतिष्ठेचे मानले जाई. पुढे 'विजयाची लग्ने' (१९३६) पासून रतन साळगावकर ही मुलगी हंसा वाडकर झाली. एस्थरप्रमाणे स्वप्न नव्हे, तर घरची आर्थिक निकड हे तिच्या पदार्पणामागील कारण होते. महत्त्वाकांक्षा हा शब्द येथे अपुरा पडतो, तो यामुळेच.

'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि अनंत माने यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) या चित्रपटांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले त्यांचे आत्मकथन १९७० साली प्रसिद्ध झाले. त्याला याच गाजलेल्या चित्रपटाचे नाव आहे. १९७१ साली त्यांचे निधन झाले. या आत्मकथनावर आधारित 'भूमिका' (१९७७) मध्ये श्याम बेनेगल यांनी नायिकेला उषा व उर्वशी अशी दोन नावे दिली. काळे यांच्या घरात तिला पत्नीचे स्थान मिळते, पण उंबरठा ओलांडण्याची मुभा मिळत नाही. मुलीचा आसराही ती अखेर नाकारते. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. एस्थर पतीच्या नावात विसावते. उषेला असा विसावा नाही. बेनेगल यांनी तो दिला नाही, हेच या कृतीचे मोल.

समारोप

कलापूरच्या चित्रपट-इतिहासाची मांडणी आपण बहुधा स्टुडिओ आणि दिग्दर्शक यांच्या अनुषंगाने करतो. गुलाबबाई व अनसूयाबाई त्यात एका ओळीपुरत्या येतात. त्यांचे आत्मकथन आपल्यासमोर नाही. हंसाबाईंचे आहे. दिलेल्या नावानिशी, पण स्वतःच्या तोंडाने त्या 'ऐका' म्हणतात. इतिहासाच्या वर्गात हे आत्मकथन साधन म्हणून वाचले जाणे, ही त्या विनंतीला दिलेली योग्य दाद ठरेल.