जैवनिर्देशक, कर्करोगाचे : धाराशिव जिल्ह्यातील चाचणी

शरीरात रोग असल्याची किंवा तो होण्याचा संभव असल्याची सूचना देणाऱ्या व मोजता येणाऱ्या घटकास जैवनिर्देशक म्हणतात. रक्त, मूत्र व ऊतके यांतील प्रथिने हा त्यांचा एक मोठा गट होय. हेन्री बेन्स जोन्स या इंग्रज वैद्यांनी १८४७-४८ मध्ये अस्थिमज्जेच्या कर्करोगाने पीडित रुग्णाच्या मूत्रातील एका विशिष्ट प्रथिनाचे वर्णन केले. अत्यल्प प्रथिनांचे मापन मात्र प्रतिपिंडांच्या उपयोगामुळे शक्य झाले. बर्सन व यॅलो यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी द्रव्याने अंकित केलेल्या इन्शुलिनाच्या साहाय्याने रक्तातील इन्शुलीन मोजले. एंगवाल व पर्लमान यांनी १९७१ मध्ये किरणोत्सर्गी द्रव्याऐवजी एंझाइम वापरले. ही पद्धती ‘एलायझा’ या नावाने रूढ झाली.

गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगास मानवी पॅपिलोमा व्हायरसाचे काही प्रकार कारणीभूत असतात. हाराल्ट त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये त्यांपैकी १६ व १८ हे प्रकार शोधले. या व्हायरसाची ई-६ व ई-७ ही प्रथिने कोशिकांच्या वाढीस आवर घालणारी प्रथिने निष्प्रभ करतात. ‘हायब्रिड कॅप्चर’ या तपासणीत व्हायरसाचे डीएनए आरएनएशी जोडून तो संयोग प्रतिपिंडांनी पकडतात आणि उत्पन्न होणारा प्रकाश मोजतात. म्हणजे शोध डीएनएचा असला, तरी मापनाचे तत्त्व प्रथिनमापनाचेच आहे.

जैवनिर्देशक प्रयोगशाळेत अचूक मोजता आला, तरी त्यामुळे मृत्यू टळतात की नाही हे लोकांमध्येच पाहावे लागते. त्यासाठी टाटा स्मारक केंद्र (मुंबई), बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था (ल्याँ) यांनी १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यात चाचणी सुरू केली. खेड्यांच्या ५२ समूहांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. समूहांची यदृच्छया चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांसाठी अनुक्रमे व्हायरस-तपासणी, कोशिका-तपासणी व सौम्य ॲसिटिक अम्ल लावून करावयाची दृश्य तपासणी यांपैकी एकेक पद्धत, तीही एकदाच, योजिली होती. चौथ्या, तुलनेच्या गटास आरोग्यशिक्षण व नेहमीची सेवा देण्यात आली.

आठ वर्षांच्या अवलोकनाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने व्हायरस-तपासणीच्या गटात (३४,१२६ स्त्रिया) ३४, तर तुलनेच्या गटात (३१,४८८ स्त्रिया) ६४ मृत्यू झाले. प्रगत अवस्थेतील रोग अनुक्रमे ३९ व ८२ स्त्रियांत आढळला. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. तपासणीत व्हायरस न आढळलेल्या २४,३८० स्त्रियांपैकी केवळ आठ जणींना पुढे कर्करोग झाला.

तुलनेच्या गटास छाननी न दिल्याबद्दल चाचणीवर टीका झाली. त्या वेळी जिल्ह्यात छाननीची संघटित योजना नव्हती आणि इच्छुक स्त्रियांना तपासणी कोठे होते हे सांगितले होते, असे संशोधकांचे म्हणणे होते. टीकाकारांच्या मते, छाननी उपयुक्त असल्याचे आधीच ज्ञात होते; म्हणून ती न देणे समर्थनीय नव्हते. त्या गटातील ६४ मृत्यूंमुळे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये व्हायरसाच्या डीएनएची तपासणी ही छाननीची प्रथम पसंतीची पद्धती म्हणून पुरस्कारिली. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात मात्र कमी खर्चाच्या दृश्य तपासणीचीच योजना होती. धाराशिवच्या खेड्यांतून सिद्ध झालेली पद्धती अशाच खेड्यांपर्यंत पोहोचविणे, हे या इतिहासातील अपुरे राहिलेले कार्य होय.