दीडशे जीबी आणि एक सावली

मे महिन्यात भाचा पुण्याला राहायला आला. मामाच्या ओढीनं आला असं क्षणभर वाटलं होतं, पण चपला काढायच्या आधीच त्यानं वायफायचा पासवर्ड मागितला तेव्हा काय ते कळलं. त्याला 'रेड डेड रिडेम्प्शन टू' हा गेम उतरवून घ्यायचा होता. हा गेम कॉम्प्युटरवर १५० जीबी जागा मागतो. देवरुखला ताईकडे सगळा कारभार मोबाइलच्या डेटावर, दिवसाला २ जीबी. म्हणजे साधारण ७५ दिवस, तेही या काळात दुसरं काहीच उघडायचं नाही या अटीवर!

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं ती निळी पट्टी सरकताना बघत बसलो. मी सहज विचारलं, "एवढं असतं तरी काय रे त्यात?"

"अख्खं जग आहे मामा! तुमच्या वेळच्या गेममध्ये होतं काय?"

हे जरा लागलं. मी कॉम्प्युटर पहिल्यांदा बघितला तो १९९३ साली, सांगलीच्या एका क्लासमध्ये. चपला बाहेर, आत एसी. तिथला एक मुलगा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' शर्टाच्या खिशात घालून आणायचा. शब्दशः खिशात, कारण अख्खा गेम एका फ्लॉपीत मावायचा आणि फ्लॉपीत जागा होती १.४४ एमबी. भाच्याच्या गेमला जेवढी जागा लागते तेवढ्यासाठी अशा लाखभर फ्लॉप्या लागल्या असत्या. मग त्याच्या गेममध्ये लाखपट मजा आहे का? तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय.

आधी कबूल करतो, जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. कमी जागेतले बरेचसे गेम म्हणजे एकच पडदा, आणि पुढच्या वेळी तोच पडदा जरा वेगात. टीव्हीला जोडायच्या त्या '९९९९ इन वन' कार्ट्रिजची आठवण आहे ना? यादीत हजारो नावं, पण खरे गेम मोजकेच, बाकी सगळे तेच ते वेगळ्या नावानं. आमच्या गल्लीत एकानं सगळी सुट्टी घालवून हा शोध लावला होता.

पण त्याच टंचाईत काही लोकांनी जे केलं ते बघून आजही थक्क व्हायला होतं. १९८२ सालचा 'पिटफॉल' घ्या. अटारीच्या यंत्रावरचा गेम, कार्ट्रिजमध्ये जागा ४ केबी. आज आपण पाठवतो त्या 'गुड मॉर्निंग'च्या चित्रातलं एखादं फूलसुद्धा त्यात मावणार नाही. डेव्हिड क्रेननं त्यात जंगलाचे २५५ पडदे बसवले. बसवले म्हणजे साठवले नाहीत, ही खरी गंमत. प्रत्येक पडद्याला फक्त एक आकडा. त्या आकड्यातले बिट सांगायचे की खड्डा कुठला, मगरी आहेत का, झाडं कशी. आणि एका आकड्यावरून पुढचा आकडा काढायचा एक छोटासा नियम. तो नियम उलटाही चालायचा, म्हणून खेळणारा डावीकडे गेला तरी जंगल सापडायचंच. जंगल कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं, तुम्ही पाऊल टाकलं की ते तयार व्हायचं. आपली आजी पुस्तकाशिवाय गोष्टी सांगायची, तसलाच प्रकार.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) तर सगळ्यांनाच माहीत आहे. तो अख्खा ४० केबी. त्यातले ढग आणि झुडपं एकच आहेत! पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. मी वर्षानुवर्षं खेळलो आणि कुणीतरी दाखवेपर्यंत मला दिसलं नव्हतं. ३२ टप्प्यांतले काही टप्पेही पुढे जरा अवघड करून परत आणलेले आहेत. सोलापुरी चादर उलटी करून वापरावी तसं.

आता प्रिन्सबद्दल. हा गेम जॉर्डन मेकनरनं मुळात ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिला आणि १९८९ मध्ये तो बाजारात आला. प्रिन्स इतका खऱ्या माणसासारखा पळतो, लटकतो, कारण मेकनरनं धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. या सगळ्या चित्रांनी मशीनची मेमरी खाल्ली. (इथे अडचण डिस्कवरच्या जागेपेक्षा मेमरीची होती, पण दुखणं तेच.) नुसतं पळून गेम रंगेना, कुणीतरी शत्रू हवा होता. आणि शत्रूच्या चित्रांसाठी जागाच उरली नव्हती.

मग मेकनरनं काय केलं, तर प्रिन्सचीच चित्रं घेतली, किंचित सरकवली आणि त्यांच्यावरच एक गणिती क्रिया केली. पडद्यावर एक भुतासारखी चमकती आकृती आली, प्रिन्ससारखीच हालणारी. झाला शत्रू तयार! ज्यांनी खेळलाय त्यांना चौथ्या टप्प्यातला आरसा आठवेल. प्रिन्स त्यातून उडी मारतो आणि पलीकडून त्याची सावली बाहेर पडते. पुढे ती सावली त्याच्या औषधाची बाटली पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार लावते. पहारेकऱ्यांसाठी पुढे मेकनरनं कशीबशी जागा काढली खरी, पण मला आज कुठला पहारेकरी आठवत नाही. आठवते ती सावलीच. जागा भरपूर असती तर तिथे एखादा दाढीवाला राक्षस उभा राहिला असता आणि मी तो केव्हाच विसरलो असतो.

नंतर सीडी आली. साडेसहाशे एमबी! एकदम एवढी जागा मिळाल्यावर तिचं काय करायचं ते बऱ्याच जणांना कळेना, मग त्यांनी तिथे सिनेमे भरले. १९९५ मध्ये 'फँटास्मॅगोरिया' ७ सीडींवर आला, त्यात मुख्यतः खऱ्या नटांचं चित्रीकरण. बघायचं भरपूर, करायचं थोडं. पण 'फायनल फॅन्टसी सेव्हन'ला (१९९७) नावं ठेवता येत नाहीत. निंटेंडोनं कार्ट्रिज सोडली नाही, म्हणून स्क्वेअर कंपनी सोनीकडे गेली आणि तो गेम ३ सीडींवर काढला. त्यातली पुष्कळ जागा चलचित्रांनीच घेतली होती, पण लोकांना गोष्टही मिळाली. उलट 'रेसिडेंट ईव्हिल टू'च्या २ सीडी १९९९ मध्ये ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये कोंबल्या, चलचित्रांसकट! त्या लोकांना कोपरापासून नमस्कार.

असो. भाच्याच्या १५० जीबीमध्येही खूप काही खरं आहे हे मला नंतर पटलं. घोड्यावर बसून तासभर नुसतं फिरलो मी, चिखलात चाकांच्या खुणा उमटतात, येणारा-जाणारा माणूस बोलतो. हे ४ केबीत होणं नाही. पण सगळीच जागा अशी सत्कारणी लागते असंही नाही. 'हेलडायव्हर्स टू' हा गेम कॉम्प्युटरवर दीडशे जीबीच्या वर गेला होता. २०२५ मध्ये तो करणाऱ्यांनी तो २३ जीबीवर आणला, आणि गेममधलं काहीही न काढता! जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला शोधाशोध करायला लागू नये म्हणून एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा ठेवलेली होती. त्या प्रती काढून बघितल्या तर जुन्या डिस्कवरही काही सेकंदांचाच फरक पडला. '९९९९ इन वन'च की हो!

त्या जादा जीबींची किंमत कोण देतं, तर दिवसाला २ जीबीवाले. मला प्रिन्स मिळाला कारण तो खिशातून येऊ शकत होता. भाच्याला त्याचा गेम मिळाला कारण त्याला पुण्यात मामा आहे. देवरुखच्या त्याच्या मित्रांचे मामा कुठे आहेत कोण जाणे.

भाचा निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला प्रिन्स लावून दिला. आधी हसला, मग तीन दिवस राहिला. निघता निघता बाराव्या टप्प्यावर पोचला होता. तिथे सावली तलवार घेऊन समोर येते आणि तिच्यावर वार केला की घाव आपल्यालाच बसतो. चार वेळा मेला, मग एसटीची वेळ झाली.

काल रात्री त्याचा मेसेज आला, "मामा, त्या सावलीला मारायचं कसं?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ताई, तूही सांगू नकोस.