रस्त्यावरचा माणूस चित्रात कसा आला?

१/ मुंबईचा रस्ता म्हटला की डोळ्यांपुढे गर्दी उभी राहते. परंतु शहराच्या आरंभीच्या छायाचित्रांत इमारती ठसठशीत दिसतात आणि चालती माणसे बहुधा विरून गेलेली असतात. ती माणसे चित्रात केव्हा आली, आणि आली ती कोण म्हणून, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांचाही तिच्याशी संबंध होता. १८३९ मध्ये युरोपात जाहीर झालेली ही विद्या अल्पावधीतच एतद्देशीयांच्या हाती आली होती.

३/ अडचण तंत्राची होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी अंधारात धुऊन काढायची. प्रकाश पडू देण्यास काही सेकंद लागत. तेवढ्यात हमाल पुढे निघून जाई आणि काचेवर उरे तो धूसर डाग. घरे तेवढी जागच्या जागी राहत.

४/ विल्यम जॉन्सन यांनी यावर तोड काढली. लोकांना स्थिर उभे करून त्यांची छायाचित्रे घ्यायची आणि मागचा देखावा दुसऱ्या काचेवरून छापून जोडायचा. मुंबईच्या रहिवाशांविषयीचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत लंडनहून प्रसिद्ध झाला.

५/ माणसे खरी आणि देखावाही खरा. दोहोंची गाठ मात्र कागदावरच पडलेली. शिवाय ग्रंथाची मांडणी व्यक्तींची नव्हे, समाजांची होती : भाटिया, नागर ब्राह्मण असे गट. समोर उभा असलेला माणूस आपल्या जातीचा नमुना म्हणून उभा होता.

६/ त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे मराठी पुस्तक निघाले. शहराचे बाजार, धंदे, देवळे आणि रहिवासी यांची त्यात दखल आहे. जी हालचाल काचेला पकडता येत नव्हती, तिला मराठी गद्यात वाट मिळाली.

७/ चित्रात ती हालचाल आणली महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. त्यांच्या रेखाटनांत पदर सावरणारी स्त्री क्षणभर थबकते आणि ओझेवाला वजनाने वाकतो. मुंबईतील अशी माणसे त्यांच्या चित्रांच्या पोस्टकार्डांवरून दूरदेशी पोहोचली.

८/ १९१२ मध्ये एस. एम. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तक धुरंधरांच्या चित्रांसह निघाले. लेखक शहराचे पोलीस आयुक्त, चित्रकार मराठी. माणसांत जीव आला होता. तरीही पोस्टकार्डांवर ती अनेकदा व्यवसायाच्या वा जातीच्या नावानेच ओळखली जात होती.

९/ पुढे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करणाऱ्या सुधीर पटवर्धन यांनी कामकरी माणसाला चित्राच्या मध्यभागी आणले. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) आणि ‘लोअर परळ’ (२००१) ही त्यांची चित्रे. या दोहोंच्या दरम्यान १९८२ चा गिरणी संप झाला आणि गिरणगावाचा चेहरा पालटला. भोंगा थांबल्यावर त्या रस्त्याचे काय झाले, याची एक साक्ष अशा चित्रांत आहे.

१०/ सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे वर्षानुवर्षे घेतली. गटारात उतरलेला माणूस त्यांच्या कामात घरी परतलेलाही दिसतो, बायकामुलांसह. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जॉन्सनने माणसाला रस्त्यापासून वेगळे केले होते. येथे तो आपल्या कामासकट आणि संसारासकट उभा आहे.

११/ कॅमेरा वेगवान झाला, एवढ्याने हा प्रवास पुरा झाला नाही. समोरच्या माणसाला नाव आहे, हे पाहणाऱ्याला मान्य व्हावे लागले. मुंबई असो वा नंदुरबार, घरच्या पेटीत बाजारपेठेचे, मिरवणुकीचे वा दुकानाचे जुने छायाचित्र असल्यास घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यामागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. सांगणारे गेले की त्या छायाचित्रातही उरतो तो केवळ ‘एक दुकानदार’.